टेलपर्यंत पाणी, टेलपर्यंत निरोप



या सदरातून आम्ही आजवर आपल्याशी बेणे, सरीची रुंदी, ठिबक, खोडव्याचे पाचट, हुमणी अशा विषयांवर बोलत आलो. या खेपेचा विषय थोडा निराळा आहे. तो रानातला नाही, पण रानावर त्याचा परिणाम होतो. कारखान्याच्या शेतकी खात्याचे बहुतेक काम आता मोबाईल आणि संगणकावर चालते. ऊस नोंद, तोडणी प्रोग्रॅम, वजनाचा मेसेज, बिलाची जमा, सगळे त्यातूनच होते. हे काम करणारा आपला कर्मचारी त्यात कितपत तयार झाला आहे, आणि तो तयार नसेल तर त्याची झळ कोणाला बसते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

पुस्तकी भाषेत याला 'डिजिटल समावेशन' म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ साधा आहे. यंत्रावर आलेली सोय प्रत्येकाला वापरता यावी. वय, शिक्षण, भाषा, डोळे-कान, पैसा किंवा रेंज यांच्या कारणाने कोणी मागे सुटू नये, म्हणजे समावेशन. पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला हे जास्त सांगावे लागू नये. मुखाशी पाणी धो धो वाहते आणि टेलच्या शेतकऱ्याची सरी कोरडीच राहते. पाटबंधारे खात्याच्या वहीत मात्र 'आवर्तन पूर्ण' असे लिहिलेले असते. आपल्या खात्यातही असेच एक आवर्तन 'पूर्ण' झाले होते. ती हकीकत आधी सांगतो, कारण चूक आमची आहे.

एक नंबर, अकरा सभासद

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. जानेवारीच्या शेवटी एक वयस्कर सभासद भगिनी गट ऑफिसात आल्या. पाऊण एकर आडसाली, स्वतःच्या नावावर सातबारा, पती वारलेले. दारातूनच म्हणाल्या, "आवं साहेब, माझ्या उसाचं नाव तुमच्या यादीत हाय का न्हाई? शेजारच्याचा ऊस जाऊन दीड महिना झाला. माझ्या उसाला तुरा आलाय."

आम्ही नोंद काढून पाहिली. नाव होते, क्षेत्र बरोबर होते, लागणीची तारीख बरोबर होती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तोडणीची पाळी आल्याचा मेसेज गेल्याचीही नोंद होती. संगणकाच्या हिशेबाने काम चोख झालेले होते. मग मेसेज गेला कोणाला? नंबर पाहिला, तर तो आमच्याच एका फिल्डमनचा निघाला. अधिक शोध घेतला तेव्हा त्याच गावातल्या अकरा सभासदांच्या नावापुढे तोच नंबर सापडला.

झाले होते असे. नोंदीच्या अ‍ॅपमध्ये मोबाईल क्रमांकाचा रकाना भरल्याशिवाय पुढचे पानच उघडत नाही. या अकरा जणांकडे स्वतःचा फोन नव्हता, किंवा घरातला फोन मुलाबरोबर पुण्या-मुंबईला होता. फिल्डमनने स्वतःचा नंबर टाकून नोंद पुरी केली आणि मेसेज आला की घरी जाऊन सांगायचे असे ठरवले. दोन वर्षे त्याने ते इमानाने केले. दिवाळीनंतर त्याची बदली दुसऱ्या गटात झाली. मेसेज त्याला येत राहिले, पण गाव वीस किलोमीटर मागे राहिले होते. बाकीच्या दहा जणांना शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून कळले. या बाई एकट्या वस्तीवर राहतात, त्यांना कोणी सांगितले नाही. टोळी येऊन रस्त्यावरून परत गेली.

तुरा आलेल्या उसाचे काय होते ते आपल्याला सांगायला नको. पांगशा फुटल्या, पोकळी पडली, वजन घटले. तोड उशिरा झाल्याने खोडवाही मागे पडला. त्या बाईंचे वर्षाचे गणित बिघडले. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता, हीच यातली काळजी करण्यासारखी बाब आहे.

फिल्डमन काय म्हणाला

त्या फिल्डमनला आम्ही बोलावून घेतले. रागावण्याच्या तयारीनेच बसलो होतो. माणूस बावन्न वर्षांचा, तीस वर्षे नोकरी, कोणत्या पट्टीत खारवट जमीन आहे आणि कोणत्या बांधाला पाणी तुंबते हे तोंडपाठ. तो म्हणाला, "साहेब, खरं सांगू का? नोंदी मी भरतच न्हाई. बोट लावलं की पान पळतंय. चुकून काय दाबलं आन् एखाद्याचं क्षेत्रच उडालं तर? दिवसभर वहीत लिहून घेतो आन् रात्री पोराकडनं भरून घेतो. पोराला काय म्हाईत, नंबर कुणाचा पायजे ते?"

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. कारण या फिल्डमनचे 'प्रशिक्षण' आम्हीच घेतले होते. सभागृहात एक दिवस सगळ्यांना बसवले. अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीचा मुलगा पडद्यावर भराभर पाने दाखवत गेला, निम्मे बोलणे इंग्रजीत. दुपारी जेवण झाले, हजेरीपटावर सह्या झाल्या आणि 'सर्व कर्मचारी प्रशिक्षित' असा अहवाल आम्ही वर पाठवला. हजेरीची सही ही शिकल्याची खूण नव्हे, एवढी साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही. आणि कर्मचाऱ्याने 'मला येत नाही' म्हणावे, असे वातावरणही आम्ही ठेवले नव्हते. येत नाही म्हणणारा मागासलेला ठरतो, नोकरी जाईल अशी भीती असते, म्हणून तो झाकतो. त्याने झाकले की तोटा टेलच्या सभासदाचा होतो.

वारणेचा धडा

हा अनुभव आपल्याच कारखान्याचा आहे असे नाही. सहकारी साखर कारखानदारीत संगणक गावापर्यंत नेण्याचा मोठा प्रयत्न वारणानगर परिसरात १९९८ साली सुरू झाला. 'वायर्ड व्हिलेज' या नावाने तो देशभर गाजला. केंद्र सरकार, महाराष्ट्र शासन आणि वारणेच्या सहकारी संस्था यांनी मिळून सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रे उभारली. शेतकऱ्याने गावातच बाजारभाव पाहावा, पिकाचा सल्ला घ्यावा, सरकारी कागद मिळवावा, अशी मोठी कल्पना होती.

प्रत्यक्षात केंद्रांचा उपयोग मुख्यतः झाला तो उसाच्या कामासाठी. वजन किती भरले, खत किती शिल्लक, बिल कधी, हे शेतकरी विचारी आणि केंद्रावरचा कर्मचारी संगणकात पाहून सांगे. म्हणजे शेतकरी संगणकापाशी जात नव्हता, तो माणसापाशी जात होता. पुढे २००६-०७ च्या सुमारास बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन विभागातील अभ्यासकांनी तिथल्या ७ गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या मेसेजवर हीच माहिती देऊन पाहिली. शेतकऱ्यांना ती सोय आवडली, कारण केंद्र उघडण्याची वाट न पाहता घरून किंवा रानातूनही विचारता येऊ लागले.

आम्ही यातून दोन गोष्टी घेतो. एक, भारी यंत्रापेक्षा सभासदाच्या हातात आधीच असलेल्या साधनाने काम लवकर होते. दुसरी, यंत्र कोणतेही आणा, खिडकीवरचा माणूस हाच सभासदाला जोडणारा दुवा राहतो. तो दुवा कच्चा ठेवून पुढची यंत्रे आणणे म्हणजे बेणे निवडले नाही आणि खताला पैसे घातले, असा प्रकार होय.

मागे कोण राहतो?

'आमच्याकडे सगळ्यांकडे फोन आहेत' असे सहज म्हटले जाते. फोन असणे आणि वापरता येणे यांत अंतर आहे. आमच्या खात्यात बारकाईने पाहिल्यावर चार प्रकारची माणसे मागे राहिलेली दिसली.

पहिला गट, जुने अनुभवी कर्मचारी. यांच्याविषयी वर सांगितलेच आहे.

दुसरा गट, हंगामी कर्मचारी. चिटबॉय हंगामापुरता येतो. त्याच्याकडे स्वतःचा स्वस्तातला फोन असतो, साठवण भरलेली, बॅटरी दुपारीच संपते. डेटाचा खर्च त्याच्याच खिशातून. तरी चिठ्ठी अ‍ॅपवर झाली नाही तर बोलणी त्याने खायची. प्रशिक्षण मात्र कायम कर्मचाऱ्यांनाच दिले होते.

तिसरा गट, महिला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशाच्या ग्रामीण भागात इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया १०० मध्ये सुमारे २५ आणि पुरुष सुमारे ४९ आढळले. त्यानंतर फोन वाढले आहेत, पण घरातला चांगला फोन कोणाच्या हातात असतो ते आपण जाणतोच. सातबारा बाईच्या नावावर आणि मेसेज मुलाच्या किंवा पुतण्याच्या फोनवर, अशा नोंदी आपल्याकडे बऱ्याच निघाल्या. कार्यालयातल्या भगिनींनाही 'तुम्ही फक्त फायली बघा' म्हणून संगणकापासून बाजूला ठेवले जात होते.

चौथा गट, ज्यांना शारीरिक अडचण आहे. वजनकाट्यावरचा एक कारकून सहा महिने डोळे बारीक करून आकडे वाचत होता आणि चुकले की बोलणी खात होता. पडद्यावरची अक्षरे मोठी करायला दोन मिनिटे लागली. दोन मिनिटांचे काम सहा महिने झाले नाही, कारण त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. काही पुरुषांना तांबडा आणि हिरवा रंग जन्मतः वेगळा ओळखू येत नाही; 'हिरवे दिसले की नोंद झाली' एवढीच खूण ठेवली तर तो बिचारा चुकणारच. रंगाबरोबर शब्दही हवा. ऐकू कमी येणाऱ्याला फोन करण्यापेक्षा मेसेज बरा, आणि डोळ्याने अधू असलेल्याला मेसेजपेक्षा फोन बरा. अँड्रॉइड फोनमध्ये पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी 'टॉकबॅक' नावाची सोय असते, हे आम्हालाही अलीकडेच कळले.

येथे कायद्याचीही आठवण ठेवली पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला. त्यात नोकरीत भेदभाव करू नये आणि माहितीची साधने दिव्यांगांना वापरता येतील अशी असावीत, असे सांगितले आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. ते प्रकरण डोळे किंवा चेहरा बाधित झालेल्या माणसांचे होते. केवायसी करताना कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावून दाखवा, असे यंत्र सांगत होते. ज्याला डोळे मिचकावताच येत नाहीत, त्याने काय करावे? आपल्याकडे आयुष्यभर कोयता आणि खुरपे धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या माणसाचा अंगठा यंत्र घेत नाही, तोही असाच प्रश्न आहे.

आम्ही काय सुरू केले

चूक कळल्यावर आम्ही पुन्हा सभागृह घेतले नाही. पद्धत बदलली. तिचे टप्पे असे:

१) आधी अधिकाऱ्यांनी कबुली दिली. पहिल्या बैठकीत प्रत्येक अधिकाऱ्याने आपल्याला फोनवरचे काय येत नाही ते सांगितले. आम्हीही सांगितले की नकाशावर प्लॉटची हद्द काढताना आमचे बोट थरथरते. हसणे झाले आणि मग बाकीचे बोलू लागले. 'येते का?' असे विचारले की सगळे 'हो' म्हणतात. 'कुठे अडते?' असे विचारले की खरे बाहेर येते.

२) सावड लावली. रानात आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे अशी सावड असते. तशी एक तरुण चिटबॉय आणि एक जुना फिल्डमन अशी जोडी केली. तरुणाने फोन शिकवायचा. जुन्याने जात ओळखणे, लागणीचे वय, पक्वता, जमिनीचा कस शिकवायचा. यात कोणी गुरू नाही आणि कोणी ढ नाही. को ८६०३२ आणि फुले २६५ लांबून ओळखता न येणारा चिटबॉय आज ओळखू लागला आहे, हाही फायदाच झाला.

३) शिकवणे बांधावर नेले. उन्हात पडदा दिसत नाही, घामेजल्या बोटाला फोन दाद देत नाही, ओढ्याकाठी रेंज जाते, हे सभागृहात कळत नाही. चार-पाच जणांचा गट, एक खरी नोंद, प्रत्येकाने स्वतःच्या हाताने भरायची. शिकवणाऱ्याने फोन हातात घ्यायचा नाही, हा नियम केला. आपण घाईने दुसऱ्याच्या हातातला फोन ओढतो, तिथेच त्याचे शिकणे थांबते.

४) चूक दुरुस्त करण्याची वाट आधी शिकवली. क्षेत्र चुकले, नंबर चुकला, तर मागे कसे यायचे हे पहिल्या दिवशी दाखवले. भीती गेली की हात आपोआप वळतो.

५) मोबाईलच्या रकान्याचा नियम ठरवला. कर्मचाऱ्याने स्वतःचा नंबर सभासदाच्या नावापुढे घालायचा नाही. फोन नसलेल्या सभासदाची वेगळी यादी गट ऑफिसात राहील. त्यांच्या तोडणीचा निरोप चिठ्ठीने घरपोच द्यायचा आणि सही किंवा अंगठा आणायचा. बदली झाली की ही यादी नव्या माणसाच्या हाती देऊनच जायचे.

६) परीक्षा टेलपासून. पाण्याची पाळी टेलकडून मुखाकडे दिली की सगळ्यांना पुरते. तसे नवीन काही सुरू करताना आधी सर्वांत अडचणीच्या माणसाला जमते का ते पाहायचे. त्याला जमले तर सगळ्यांना जमेल.

हंगामी कर्मचाऱ्यांच्या डेटाचा खर्च आणि गटाला एक जादा फोन, हे दोन विषय आम्ही संचालक मंडळापुढे मांडले आहेत. सगळे सुरळीत झाले असे आम्ही म्हणत नाही. काही जण अजूनही वहीतच लिहितात. लिहू द्या. वही बंद करण्याची घाई करू नये. वहीवरून फोनवर आणि फोनवरून वहीत दोन्हीकडे ताळा बसला, की माणूस आपणहून वही ठेवून देतो.

सभासदांनी काय करावे?

आपण म्हणाल, हे कर्मचाऱ्यांचे झाले, आमचे काय? आपण या कारखान्याचे मालक आहात. काम नीट होते का हे पाहण्याचा हक्क आपला आहे. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

१) नोंद झाली की आपल्या नावापुढे कोणता मोबाईल नंबर आहे, तो वाचून दाखवा असे कर्मचाऱ्याला सांगा. नंबर बदलला असेल तर त्याच वेळी सांगा. नोंद ज्यांच्या नावावर आहे त्या आई, पत्नी, वहिनी यांनाही तो माहीत असावा.

२) फोन नसेल तर लाजू नका. 'फोन नसलेल्यांच्या यादीत' नाव घाला म्हणून हक्काने सांगा.

३) बँकेचे पासबुक दाखवून खाते क्रमांक आणि आयएफएससी तपासून घ्या. २०२० साली सरकारी बँकांचे विलीनीकरण झाल्यावर अनेक शाखांचे कोड बदलले. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे बिल १४ दिवसांत द्यावयाचे असते, पण खाते चुकले तर पाठवलेले पैसे परत फिरतात.

४) ई-पीक पाहणी राज्यात २०२१ पासून मोबाईलवर आली. १५ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो. ही कामे कारखान्याच्या नोंदीहून वेगळी आहेत. एक केले म्हणजे दुसरे झाले असे समजू नका. अडले तर गट ऑफिसात विचारा. कोठे जायचे ते तरी आमचा माणूस सांगेल.

५) बँकेचा ओटीपी किंवा पिन कोणालाही सांगू नका, आमच्या कर्मचाऱ्यालाही नाही. योजनेचे नाव घेऊन व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाईल उघडू नका. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा.

६) आणि शेवटची विनंती. फिल्डमन फोनवर चाचपडताना दिसला तर 'साहेब, तुम्हालाच येत नाही, तर आम्हाला काय सांगता' असे हसू नका. त्याला वेळ द्या. ज्याला हसले जाते तो पुढच्या वेळी झाकतो, आणि झाकल्याची किंमत कोणाला मोजावी लागली ते वर लिहिलेच आहे.

त्या भगिनींचा खोडवा गेल्या हंगामात वेळेवर गेला. तोडणीची चिठ्ठी घेऊन त्यांच्या वस्तीवर गेला होता तो त्यांच्या गटाचा नवा फिल्डमन. जुना फिल्डमन आता स्वतःच्या हाताने नोंदी भरतो. एका नोंदीला दुसऱ्यांपेक्षा दुप्पट वेळ लागतो, पण नंबर मात्र सभासदाला दोनदा वाचून दाखवतो. आम्हाला तेवढे पुष्कळ आहे.

आपल्या गावात अशी कोणी व्यक्ती असेल, सभासद असो वा आमचा कर्मचारी, जिच्यापर्यंत निरोप पोचत नाही, तर तिचे नाव गट ऑफिसला जरूर कळवा. पुढील अंकात खोडव्यातील नांग्या भरण्याविषयी लिहू. कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी